आत काटा हाय

माझ्या सासूबाई शेळ्या ओठानं राखतात. हातात काठी असते, पण ती टेकायला आणि फार तर मला दाखवायला. खालचा ओठ जरा पुढं काढून, वरच्या ओठाला हलका लावून त्या अशी काही बुर्र करतात, की माळाच्या पार त्या अंगाला बाभळीवर पुढचे पाय टेकून उभी असलेली शेळी तोंडातला पाला सोडून वळते. माझ्या नवऱ्याला ही बुर्र जमत नाही. महारुद्र भूम डेपोत कंडक्टर आहे. त्यानं घंटी मारली की साठ माणसांची गाडी जागच्या जागी थांबते, पण घरची शेळी त्याच्याकडं मान वर करून बघतसुद्धा नाही. मी बुर्र केली तर नुसती थुंकी उडते, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसतात.

त्यांचं नाव नागूबाई. वय विचारलं तर ‘बहात्तरच्या दुष्काळात म्या रांगत व्हते’ एवढंच सांगतात, पुढचं आपण काढायचं. शेळ्या किती विचारलं तर ‘हायत की’. जनावर मोजू नये, नजर लागते, म्हणून त्या मोजत नाहीत. संध्याकाळी नुसत्या दारात उभ्या राहतात आणि कोण आली नाही ते त्यांना कळतं. मी शाळेत हजेरी घेणारी बाई, मी मोजल्या आहेत. एक्केचाळीस. सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीला मात्र अजून सगळे उस्मानाबादीच म्हणतात. ‘तिला कुठं कागद दाखवायचेत,’ असं सासूबाईंचं म्हणणं.

मी मंजुषा, शेजारच्या वाशीची लेक. या घरात येऊन बारा वर्षं झाली. पहिली पाच आम्ही दोघी एकमेकींना वळण लावण्यात घालवली. नंतर दोघींनीही नाद सोडला, आणि तेव्हापासून आमचं बरं चाललंय. मला प्रत्येक गोष्ट वहीत लागते आणि त्यांना काहीच वहीत लागत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या शिस्तीचा वाटा आहे आणि तो मी लपवणार नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी करंज्या तळत होते, तेव्हा त्या चुलीजवळ येऊन बसल्या आणि माझं बोट धरून आपल्या उजव्या जबड्यावर ठेवलं.

“मंजे, हितं दाब.”

दाबलं तर हाड आत गेलं आणि कट् झालं. अंड्याचं कवच दाबावं तसं. माझ्या अंगावर काटा आला. त्या मात्र शांत होत्या.

“हाड पातळ पडलंय. आत पाणी हाय. शेळीचं असतं तर म्या कवाच सांगितलं असतं, माझं हाय म्हणून एक महिना उगं बसले.”

भूमच्या दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सोलापूरला पाठवलं. सोलापूरचे डॉक्टर शिवानंद हे जबड्याचे सर्जन. तरुण, चष्मेवाले, बोलायला गोड. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. खालच्या जबड्यात अगदी मागं, हिरडीत आडवी झोपलेली अक्कलदाढ आणि तिच्याभोवती सुपारीएवढा काळा डाग. ती पाण्याची पिशवी. डागाच्या खालून एक बारीक पांढरी रेघ गेली होती, तिच्यावर त्यांनी पेनचं टोक ठेवलं.

“मावशी, ही ओठाची शीर. या शिरेमुळं तुम्हाला खालचा ओठ कळतो. पिशवी एकदम खरवडून काढली तर ही दुखावेल. मग ओठाची ही अर्धी बाजू बधिर. कदाचित कायमची.”

“मंजी बुर्र करता येणार न्हाय?”

डॉक्टरांना बुर्र कळेना. मग सासूबाईंनी ती तिथंच करून दाखवली, पूर्ण ताकदीनं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात डोकावले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ओठ हलेल,” ते म्हणाले, “पण तुम्हाला कळणार नाही. न कळणाऱ्या ओठानं हा आवाज निघेल का, मला सांगता येत नाही.”

“निघत न्हाय,” सासूबाई म्हणाल्या. “म्या सांगते.”

मग दुसरा रस्ता निघाला, जरा लांबचा. दाढ काढायची, पिशवीला तोंडात एक खिडकी पाडायची आणि ती खिडकी बुजू द्यायची नाही. रोज आतून धुवायचं. पिशवी आपोआप आकसत जाते, मागून हाड भरत येतं, पिशवी शिरेपासून वर सरकते. वर्षभरानं जी उरेल ती लहानशी पिशवी काढायची. मला हे ऐकूनच धाप लागली. वर्षभर तोंडात भोक! सासूबाईंना मात्र ते एकदम पटलं.

“शेळीला गळू झालं की आमी बी तसंच करतो. वरून बुजलं की आत परत भरतंय. तळातनं भरून आलं पायजे.”

“अगदी हेच,” डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. जानेवारीत ऑपरेशन झालं. काढलेला तुकडा तपासायला गेला, त्यात वाईट काही निघालं नाही. डॉक्टरांनी बिनसुईची मोठी सिरिंज दिली, सासूबाईंच्या भाषेत पिचकारी, आणि सांगितलं की प्रत्येक जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्यानं खिडकीतून आत धुवायचं, अन्नाचा कण राहू द्यायचा नाही.

प्रत्येक जेवणानंतर. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण दुपारचं जेवण सासूबाई माळावर जेवतात. पिचकारी माळावर न्यायची म्हणजे ती मातीत पडणार, लेंड्यांत लोळणार, एखादी शेळी चघळून टाकणार. मी ती स्टीलच्या डब्यात घालून फडताळात ठेवली. कॅलेंडरवर रोज दोन खुणा, सकाळची आणि संध्याकाळची.

“दुपारचं काय गं?” त्यांनी विचारलं होतं.

“दुपारी खळखळून चूळ भरा. डब्याला हात लावायचा नाही.”

त्यांनी हात लावला नाही. एवढं माझं ऐकतात म्हणून मला तेव्हा भारी वाटलं होतं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या त्या अर्धा चेहरा सुजलेला घेऊनच. उजवा डोळा बारीक झालेला, अंगात ताप, खिडकीतून पू. पहिल्या गाडीनं सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी धुऊन काढलं, आठवड्याच्या गोळ्या दिल्या, सूज पार उतरली. आम्ही सुटलो असं वाटलं. पाडव्याला गुढी उभी करून मागं वळते तर परत तेच. परत गोळ्या, परत आराम. अक्षय तृतीयेला तिसऱ्यांदा. सूज सणवार बघूनच येत होती. शेजारच्या सत्यभामाकाकूंनी सांगितलं की भातानं पू धरतो, भात बंद करा. भात बंद केला. सूज काय भाताला विचारून येत नव्हती.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर शिवानंद आत काही वाईट वाढतंय का ते बघत होते, तेव्हा सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “डाक्टर, आत काटा हाय.”

“काटा?”

“शेळीच्या खुरात काटा मोडला की असंच हुतंय. सुजतं, फुटतं, वाळतं. आपल्याला वाटतं बरं झालं. परत सुजतं. काटा निघंपतूर तिची सुटका न्हाय.”

डॉक्टरांनी नवा फोटो काढला. हाड भरायला सुरुवात झालेली दिसत होती, पण बाकी काही नाही. “मावशी, आत काही राहिलं असतं, सुईचा तुकडा, दाताचा तुकडा, तर यात पांढरं दिसलं असतं. बघा, काही नाही.”

“फोटूत न्हाय. जबड्यात हाय. तुमचंच कायतरी राहिलंय, टाक्याचं म्हणा, सुईचं म्हणा.”

हे त्या हळू बोलल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण माळावर बोलायची सवय असलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. माझा चेहरा लाल झाला. बरं, एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या नागूबाई कसल्या! भूमच्या आठवडी बाजारात त्यांनी ज्याला त्याला सांगितलं की सोलापूरच्या डॉक्टरनं जबड्यात काटा ठेवून शिवलंय. बाजारातून परतताना रिक्षात मी त्यांच्याशी भांडले.

“तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का?”

“जबड्याचं त्याला कळतं. काट्याचं मला कळतं.”

“शेळीची अक्कल माणसाला लावू नका, आत्याबाई.”

आमची वस्ती आल्यावर उतरता उतरता त्या म्हणाल्या, “मांस शेळीचं काय अन् माझं काय, काट्याला वळखू येत न्हाय.” मी रिक्षाचे पैसे मोजून दिले.

जून लागायच्या आत चौथ्यांदा सूज आली, आणि या वेळी गोळ्यांनी ती पुरती उतरलीच नाही. डॉक्टर शिवानंद पहिल्यांदाच गंभीर झालेले दिसले. जंतू असेच राहिले तर नव्यानं भरलेलं हाडच कुजायला लागेल, असं ते म्हणाले. आता वाट बघता येत नाही. येत्या गुरुवारी पिशवी सगळी खरवडून काढायची. शीर वाचवायचा ते प्रयत्न करतील, पण एवढ्या सुजेत खात्री नाही. त्यांनी संमतीचा कागद पुढं सरकवला.

बारा वर्षांत मी पहिल्यांदाच असा विचार केला, की सासूबाईंना बुर्र आली नाही तर त्या कोण उरतील? घरात बसून भाजी निवडणाऱ्या नागूबाई मला डोळ्यांपुढं आणताच येईनात.

त्यांनी कागद ओढून घेतला. सही करायला मीच शिकवलंय, त्यामुळं ती चांगली वळणदार येते. पेन उघडून त्या डॉक्टरांकडं बघत राहिल्या.

“सही करते. पण आधी काटा बघायचा. खिडकी मोठी करा, बोट घाला, चिमटा घाला, काय बी घाला. काटा न्हाय घावला तर खुशाल ओठ घ्या, म्या रडणार न्हाय.”

डॉक्टरांनी फोटो परत एकदा उजेडावर धरला. मग म्हणाले, “ठीक आहे. आधी काटा.” मला वाटतं, त्यांनी ते सासूबाईंचं मन राखायला म्हटलं.

गुरुवारी जबडा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. सासूबाईंनी माझा हात सोडला नाही म्हणून मलाही टोपी-मास्क घालून पायाशी उभं राहू दिलं. खिडकी मोठी केली, पाण्याचा फवारा मारला, नळीनं ओढून घेतलं. डॉक्टर बारीक दिवा लावून आत बघत होते. फवारा, नळी, फवारा, नळी. मी मनातल्या मनात ‘नसणारच काही, नसणारच’ म्हणत होते आणि असावं म्हणून देवाला हातही जोडत होते. मग डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी नर्सकडं न बघताच चिमटा मागितला, मान वाकडी केली, आणि पिशवीच्या पार तळातून काहीतरी हळूच ओढून पांढऱ्या कापसावर ठेवलं.

काळं, टोकदार, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा लांब. सासूबाईंचं तोंड चिमट्यानं उघडं ठेवलेलं, त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता तळहात पुढं केला. डॉक्टरांनी तो तुकडा त्यावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत फिरवला, टोक अंगठ्याला लावून बघितलं, मोडलेली बाजू डोळ्यांजवळ धरली. तोंडातला चिमटा काढेपर्यंत त्या तशाच बघत राहिल्या.

मग जड झालेल्या जिभेनं म्हणाल्या, “बाभळीचा हाय. पुवात काळा पडलाय.”

“म्हणजे खरंच काटा?” डॉक्टर म्हणाले. “लाकूड एक्स-रेत दिसतच नाही. पण मावशी, बाभळीचा काटा इथं कसा येईल?”

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं, ते मला त्यांच्या तोंडाकडं बघूनच समजलं. जिला आपलं चुकलंय असं मी बारा वर्षांत कधी म्हणताना ऐकलं नाही, ती बाई एवढ्या लोकांत आता काय करणार, असं माझ्या मनात आलं.

“माझाच हाय,” त्या म्हणाल्या. “तुमचा न्हाय, डाक्टर. दुपारी माळावर भाकर खाल्ली की भोकात कोंडा अडकायचा. चूळ भरून निघत न्हवता. तुमीच म्हणला व्हता, कण राहू द्यायचा न्हाय. मग म्या बाभळीचा काटा मोडून घ्यायची, चांगला पांढरा, वाळका, अन् त्यानं कोरून काढायची. एखाद्याचं टोक मोडलं असंल. शेळीच्या खुरातनं काटा काढला की म्या टोक बघते, सबंद आलाय का न्हाय. माझ्या तोंडातला काढला अन् न बघता फेकला.”

एवढं बोलून त्या दमल्या. एक वाक्य मात्र त्या बोलल्या नाहीत. ‘पिचकारी घरात डब्यात होती,’ हे वाक्य. माझ्याकडं त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. मीच ते डॉक्टरांना सांगितलं, जागच्या जागी, मास्कमधून. मी कॅलेंडरवर खुणा करत बसले, आणि रोज दुपारी तिकडं माळावर एक बाई डॉक्टरांचं ऐकायचं म्हणून तोंडात काटे घालत होती.

डॉक्टर शिवानंद स्टुलावर बसले. “मावशींनी मला सांगितलं होतं, काटा आहे म्हणून,” ते म्हणाले. “मी फोटो बघत बसलो. तेव्हाच आत बघायला हवं होतं.” मग त्यांनी सहीचा कागद उचलला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. काटा निघालाय तर सूज उतरेल. पिशवी आज काढायची नाही, आधी ठरल्याप्रमाणं वाट बघू.

पुढच्या बाजारात सासूबाईंनी ज्याला त्याला गाठून सांगितलं की डॉक्टरचा नव्हता, माझाच काटा होता. तेवढ्याच मोठ्यानं. काही लोक हसले, त्याही हसल्या. मला हे जमलं नसतं.

सूज गेली ती गेलीच. दसरा गेला, दिवाळी गेली, सण कोरडे गेले. मी दुसरी पिचकारी आणली, माझ्या जुन्या ब्लाउजच्या कापडाची पिशवी शिवली आणि नाडी लावून ती सासूबाईंच्या गळ्यात घातली. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली रोज सकाळी मी भरून द्यायची. एका शनिवारी सकाळची शाळा होती, म्हणून दुपारी माळावर बघायला गेले. लिंबाखाली त्या मान तिरकी करून बसल्या होत्या, पिचकारी तोंडात, आणि सात-आठ शेळ्या भोवती गोळा होऊन मोठ्या आस्थेनं बघत होत्या. मला बघून त्यांनी पाणी थुंकलं आणि म्हणाल्या, “ये, हजेरी घे.”

या फेब्रुवारीत शेवटचं ऑपरेशन झालं. सुपारीएवढी पिशवी आता हरभऱ्याएवढी उरली होती. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. पिशवी पुरती निघाली, परत यायचं कारण नाही. पण चार वेळा पू झाल्यामुळं ती एका जागी शिरेला चिकटली होती. सोडवताना शीर तुटलेली नाही, ताण मात्र बसलाय. ओठ कधी जागा होईल हे ते सांगू शकत नव्हते. आठवडे लागतील, महिने लागतील, अर्धवटही राहील.

टाके काढले त्या दिवशी त्यांना डोळे मिटायला लावून डॉक्टरांनी ओठाच्या उजव्या बाजूवर कापूस फिरवला. मग बोथट टोक लावलं. सासूबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या आणि विचारलं, “लावला का न्हाय अजून?”

घरी आल्यावर चहा पिताना ओघळ हनुवटीवर यायचा आणि त्यांना पत्ता नसायचा. चारचौघांत सांगायला नको म्हणून मी माझ्याच ओठाला बोट लावायची, की त्या पदरानं पुसायच्या. ही आमची खूण ठरली. बुर्र करायला गेल्या की नुसती फुस्स हवा जायची. शेळ्या कान हलवायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. मग त्या काठी घेऊन स्वतः पळायच्या, या वयात, या माळावरून त्या माळावर. संध्याकाळी पाय धरून बसायच्या. महारुद्र एकदा म्हणाला, “आई, थोड्या कमी करू का?”

“तुझ्या डेपोतल्या गाड्या कमी कर आधी,” त्या म्हणाल्या. “ओठ झोपलाय, मेला न्हाय. उठंल.”

त्यांच्या बोलण्यात जराही शंका नसायची. शंका सगळी माझ्याकडं होती. एक डबा फडताळातून खाली उतरला असता तर पू झाला नसता, पू झाला नसता तर शीर चिकटली नसती. वर्गात पाढे म्हणून घेताना मध्येच माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्यांची माफी मागितली, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी त्या वैतागल्या. “मंजे, काटा म्या घातला, पिचकारी तू लपिवली, फोटू त्यानं बघितला. तिघांनी मिळून केलंय. तू एकटी कशापायी घेऊन बसलीस?”

ऑपरेशननंतरचा सातवा आठवडा होता. बाजाराचा दिवस, मला सुट्टी. कळपाला नवीन बोकड बघायचा म्हणून त्यांनी मला भूमच्या बाजारात बरोबर नेलं. एका तरुण व्यापाऱ्याकडं उंचापुरा, तुकतुकीत काळा बोकड होता. तो म्हणत होता दोन दाती आहे, म्हणजे कोवळा. सासूबाईंनी बोकडाचं तोंड धरलं, अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ दाबला आणि दात उघडे केले.

“ह्ये दोन दाती हाय? चार मोजता येत न्हायत तुला?”

“मावशी, तिसरा आत्ताच फुटायलाय—”

“फुटायलाय? फुटून त्याला सहा महिने झाले! म्या काय आज शेळी बघायलेय?”

त्या रंगात आल्या होत्या. मी उन्हात उभी, हातात पाण्याची बाटली. बाजारात माश्या खंडीभर. एक माशी बोकडाच्या डोळ्यावरून उठली, दोन फेऱ्या मारल्या आणि सासूबाईंच्या खालच्या ओठावर बसली. उजव्या बाजूला. सवयीनं माझा हात माझ्या ओठाकडं निघाला, त्यांना खूण करायला. तो पोचायच्या आधीच त्यांनी बोलता बोलता मनगटानं माशी उडवली. बोकडाचं तोंड सोडलं नाही, वाक्य तोडलं नाही. माशी परत आली, परत तिथंच बसली. त्यांनी परत उडवली आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, “ह्या माश्या बी तुझ्यावाणीच चिकट.”

मी त्यांचं मनगट धरलं. “आत्याबाई, माशी कळली तुम्हाला?”

“कळली मंजी?” त्या चिडून म्हणाल्या. बोकडाचं तोंड सुटलं. त्यांनी आपलं बोट ओठाच्या त्या बाजूवर अलगद ठेवलं, जरा सरकवलं, परत ठेवलं.

“गुदगुल्या झाल्या की गं,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मला रडू फुटलं. भर बाजारात, शेळ्या-माणसांच्या गर्दीत, बाटली छातीशी धरून मी लहान पोरीसारखी मोठ्यानं रडायला लागले. माझ्या शाळेतल्या दोन पोरांचे बाप समोर उभे होते, पण मला कशाचीच लाज राहिली नव्हती. व्यापारी घाबरला. बोकडाची दोरी घट्ट धरून तो कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघायला लागला.

“ओ मावशी, ह्या बाई कशापायी रडायल्यात? म्या त्येंना काय बी बोललो न्हाय. चार दाती तर चार दाती, कबूल हाय मला!”

सासूबाईंचं बोट अजून ओठावरच होतं.

“तू न्हाय रं,” त्या म्हणाल्या. “माझ्या ओठावर माशी बसली, म्हणून रडायलीय ती.”